रेशमाची चिठ्ठी

वहिनीला आक्का डोळ्यांसमोर नको होती. यात लपवाछपवी अशी काही नव्हतीच. गालिचे धुण्याच्या त्या कारखान्यात नवं गिऱ्हाईक आलं, तरी दुसऱ्या मिनिटाला त्याला कळायचं, की या नणंद-भावजया एकमेकींना पाण्यात पाहतात. वहिनी तोंडाने ‘अहो वन्सं’ म्हणायची आणि त्या ‘अहो’त असा विखार भरायची, की त्यापेक्षा शिवी परवडली. आक्काही काही कमी नव्हती. धाकट्या भावाची बायको, तिची कसली भीड! चारचौघांत ती वहिनीची हजेरी घ्यायची आणि मग दिवसभर खुशीत असायची.

भांडणाचं मूळ म्हणजे एक टेबल. दारातच होतं ते. वर मेणबत्ती, चिमटा आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा. धागा जाळून पाहिल्याशिवाय गालिचा धुवायचा नाही, हा बाबांचा नियम. बाबा गेले, नियम राहिला. आक्का गालिच्याच्या मागून एक धागा उपटायची, त्याचा तुकडा ज्योतीवर धरायची आणि हुंगायची. केस जळल्यासारखा वास आला, तर लोकर किंवा रेशीम. त्याला गार पाणी आणि सौम्य साबण. धागा वितळून टणक मणी झाला, तर नायलॉनसारखा माल. तो खुशाल घासा. कागद जळल्यासारखा वास आला, की मात्र जपून. तो वास सुतालाही येतो आणि नकली रेशमालाही. सुताला कोमट पाणी आणि ब्रश चालतो. नकली रेशीम दिसायला चकचकीत, पण भिजलं की पुठ्ठ्यासारखं कडक होतं, पिवळं पडतं, आणि मग कोणाचा बाप आला तरी ते सुधारत नाही.

या दोघांतला फरक नाकाला कळत नाही, बोटांना कळतो. धागा जिभेवर ओला करून ओढायचा. सूत भिजल्यावर उलट चिवट होतं, नकली रेशीम सहज तुटतं. हे बाबांना ठाऊक होतं आणि आक्काला. बाकी कोणाला ते सांगायची वेळच आली नाही, कारण बाबा गिऱ्हाइकांपुढे लेकीच्या नाकाचेच गोडवे गायचे. “आमची पोर डोळे मिटून सांगते!” म्हणायचे. बोटांचं कौतुक ऐकायला कोण थांबतंय?

मग आक्का चिठ्ठीवर धाग्याचं नाव लिहायची, सही करायची आणि चिठ्ठी गालिच्याच्या कोपऱ्याला बांधायची. त्या चिठ्ठीशिवाय भाऊ नळाला हात लावत नसे. आणि टेबलावर बसेल त्याचीच वरची खोली, हेही बाबांनीच ठरवून दिलेलं. एकट्या राहिलेल्या लेकीची त्यांनी अशी सोय केली. ती खोली वहिनीला स्वतःच्या बहिणीसाठी हवी होती. सहा वर्षं ती टपून बसली होती.

आता खरी गोष्ट. आक्काला दोन वर्षांपासून कसलाच वास येत नव्हता.

एक साधा ताप आला, आठ दिवसांनी गेला, जाताना वास घेऊन गेला. आधी तिला वाटलं, येईल परत. मग वाटणं बंद झालं. दूध नासलं तरी तिला कळेना, साबणाचं पिंप उघडलं तरी कळेना. पण टेबल सुटलं तर खोली सुटणार, आणि या वयात जायचं कुठे? तेव्हा ती मूग गिळून बसली आणि डोळ्यांनी काम करू लागली. राख काळी आणि चुरगळणारी की करडी आणि हलकी, ज्योत सरसर धावते की विझते, सगळं ती बघायची. हुंगायचं नाटक तेवढं चालू ठेवायचं. दोन वर्षांत एक चूक नाही केली पठ्ठीने.

वहिनीला मात्र शंका आली होती. एकदा तिने फोडणी करपवली, सगळे खोकत बाहेर पळाले, आणि आक्का शेजारच्या खोलीत निवांत बटणं लावत बसलेली. वहिनीने ते मनात टिपून ठेवलं. डाव साधायचा तर संधी नीट हवी.

ती संधी एका चष्मेवाल्या बाईंनी आणून दिली. बाईंनी गालिच्याची गुंडाळी टेबलावर सोडली. मोरपंखी रंग, अंगभर चकाकी.

“अस्सल रेशीम आहे,” बाई म्हणाल्या. “सासूबाईंचा. चाळीस वर्षं ऐकतेय, रेशीम आहे, पाय जपून ठेव. पहिलं पाणी पडेपर्यंत मी इथून हलायची नाही.”

“मग बसा ना,” वहिनीने खुर्ची पुढे केली. इतकी गोड ती कधी बोलत नसे. “आमच्या वन्सं डोळे मिटून ओळखतात हं. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. दाखवा ना वन्सं, बाबांच्या वेळेसारखं! मी जाळते, तुम्ही फक्त सांगा.”

आक्काने चिमटा स्वतःकडे ओढला. “खेळ मांडलाय का इथे?” ती खेकसली.

“का हो? येत नाही आता?” वहिनीने इतक्या हळू विचारलं, की बाई पुढे झुकून ऐकू लागल्या.

झालं. आक्काने धागा उपटला, अर्धा तोडून वहिनीपुढे टाकला, अर्धा मुठीत ठेवला आणि डोळे मिटले. काडी ओढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. नाकाशी नुसती हवा. तोंड पुसल्याचा बहाणा करून तिने मुठीतला धागा जिभेला लावला आणि ओढला. धागा काही कुरकुर न करता तुटला. नकली! बोटांनी साफ सांगितलं, नकली.

तेवढ्यात बाई टाळी वाजवून म्हणाल्या, “अय्या, खरंच की! केसांसारखाच वास!”

आक्काने दोन्ही तुकडे मुठीत आवळले. बोटं एक सांगत होती, बाईंचं नाक दुसरं. केसांचा वास सगळ्या खोलीला आला असेल आणि आपण कागद म्हटलं, तर वहिनी इथल्या इथे आपली मान पकडेल. तिने मनातल्या मनात बोटांना दटावलं. जुना धागा असेल, कुजला असेल, म्हणून तुटला.

“रेशीम,” ती म्हणाली आणि डोळे उघडले.

वहिनी हसत होती. त्या हसण्याचा अर्थ आक्काला लागला, पण चिठ्ठीवर ‘रेशीम’ लिहून, सही करून, ती कोपऱ्याला बांधून झाल्यावर. वहिनीच्या नाकाला स्वच्छ जळक्या कागदाचा वास आला होता. बाईंना चाळीस वर्षं जे ऐकवलं, त्याचाच वास आला, एवढंच.

भाऊने गालिचा उचलून मागच्या ओट्यावर पसरला. तो आक्काचा धाकटा भाऊ आणि वहिनीचा नवरा. दोघींच्या मध्ये सापडून त्याने बोलणंच सोडून दिलं होतं. नळीतून पाणी फरशीवर पडायला लागलं. आक्का ऐकत बसली. तिच्या सहीने एक गालिचा मरणार होता. बाबांच्या वेळेपासून असं एकदाही झालं नव्हतं. नाक गेलं तेव्हा ती रडली नव्हती. आता डोळे भरून आले, स्वतःचाच भयंकर राग आला.

ती उठली, ओट्यावर गेली आणि नळ करकचून बंद केला. पाणी अजून काठाशीच होतं.

“रेशीम नाही ते. थांब जरा.”

“असं कसं?” वहिनी पाठोपाठ आलीच होती. मागे बाई. “आत्ता तर वास घेऊन सांगितलंत, वन्सं!”

“वास आला नाही मला.” आक्काने तिच्याकडे रोखून पाहिलं. “दोन वर्षं झाली, कसलाच येत नाही. तुला आला ना? कागदाचा? आणि तू बघत उभी राहिलीस! लोकांचा माल नासवायला निघालीस मला घालवण्यासाठी. लाज कशी नाही वाटली गं तुला?”

“मला लाज? दोन वर्षं गिऱ्हाइकांना फसवलंत तुम्ही, आणि लाज मला? ऐकलंत ना हो?” हे नवऱ्याला. “आजपासून टेबल मी बघणार. महिनाअखेर खोली रिकामी करा, वन्सं. माझी बहीण येतेय.”

भाऊ नळीकडे बघत राहिला.

बाई मात्र भलत्याच खुलल्या होत्या. “म्हणजे रेशीम नाहीच? चाळीस वर्षं! अहो, मला ते सही करून द्या. जे काय आहे ते नीट नाव घालून. सासूबाईंपुढे नेऊन ठेवते. आणि धुवा एकदाचा, कसा धुवायचा तसा.”

वहिनी तोऱ्यात टेबलाशी गेली आणि आक्काच्या खुर्चीत बसली. खुर्ची तिला जरा उंच होत होती. तिने नवा धागा जाळला, हुंगला, मान डोलावली. कोरी चिठ्ठी ओढून पेन टेकवलं.

पेन तिथेच राहिलं.

तिने दुसरा धागा जाळला. पुन्हा हुंगला. पुन्हा कागदच. सूत म्हणावं, तर ही चकाकी कसली? नकली रेशीम म्हणावं, तर सुतालाही चकाकी देतात, हे तिने ऐकलं होतं. आणि सही तिची जाणार होती.

“लिहा की,” बाई म्हणाल्या.

भाऊ ओट्यावरून वाकून विचारत होता, “पाणी सोडू का नको?” बघत होता बहिणीकडे.

वहिनीने मान वर केली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या आवाजात विखार नव्हता.

“वन्सं... सूत, की नकली?”

तुटलेल्या धाग्याचे दोन्ही तुकडे आक्काच्या मुठीत होते. तिने मूठ आणखी आवळली.

“वास घे की, वहिनी,” ती म्हणाली. “तुला येतो ना.”