दाईची बिदागी

इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली होती, आणि वेढ्याला पाचवा आठवडा लागला होता. सॉमरसेटमधल्या त्या दगडी गढीत राजाच्या बाजूचे साठ शिपाई आणि सर ऑर्लंडो नावाचे हट्टी मालक. बाहेर सफरचंदांच्या बागेत पार्लमेंटचं सैन्य. आत आधी घोड्यांचा चारा संपला, मग घोडे संपले. तरी मालकांच्या मिशीचा पीळ काही सुटेना.

एका सकाळी बाहेर ढोल वाजला. बोलणी करायची ती खूण. सगळ्यांना वाटलं, आता शरण या म्हणणार. पण खाली उभा असलेला सार्जंट टोपी हातात घेऊन म्हणाला, "तुमच्यात दाई आहे का हो? आमच्या कॅप्टनसाहेबांच्या बाईंना पहाटेपासून कळा लागल्यात."

तटावर हशा पिकला. "का रे, तोफेनं होत नाही का बाळंतपण?" एक शिपाई ओरडला.

थॉमसिन गर्नी मात्र हसली नाही. साठी उलटलेली बाई. आसपासची निम्मी पोरं तिच्याच हातून जगात आलेली. पाच आठवडे तिला नुसतं बसून कंटाळा आला होता. तिनं पिशवी उचलली.

"शत्रूच्या घरी निघालीस?" मालक गरजले.

"मालक, ते लेकरू अजून कुठल्याच बाजूला गेलेलं नाही," म्हणत ती दिंडी दरवाजातून बाहेर पडली.

छावणीत कॅप्टन झॅकरी ब्लाउंट तंबूसमोर येरझाऱ्या घालत होता. थॉमसिननं पोचताच हुकूम सोडला, "ती तोफ गप्प करा आधी. बाई दचकतेय."

"पण मावशी, लढाई चाललीय!"

"लढाई उद्या करा."

मग तिनं अंडी, बिअर, साखर, दालचिनी मागवली आणि बाळंतिणीसाठी गरम पेय चढवलं. रिवाजाप्रमाणे छावणीतल्या बाया तंबूत जमल्या, आणि गप्पांना ऊत आला. कॅप्टननं हळूच डोकं आत घातलं.

"पुरुषांचं काय काम इथं? व्हा बाहेर!"

दोनशे बंदूकधाऱ्यांचा तो सरदार निमूटपणे बाहेर जाऊन पालथ्या बादलीवर बसला.

बाळंतपण सोपं नव्हतं. मूल पायाळू. दुपार कलताना रडणं ऐकू आलं. मुलगी झाली! छावणीनं आरोळी ठोकली, आणि गढीच्या तटावरूनही टोप्या उडाल्या.

"मावशी, बिदागी मागा," कॅप्टन डोळे पुसत म्हणाला. "मागाल ते देईन. शब्द माझा."

थॉमसिननं हात धुतले, कोरडे केले. "गढीतली माणसं हत्यारांसकट, ढोल वाजवत आपापल्या घरी जाऊ द्या."

कॅप्टनचा आ वासला. "अहो, पण मग मी जिंकलो काय?"

"गढी तुमची. माणसं माझी."

बिछान्यावरून कॅप्टनची बायको डॉर्कस क्षीण आवाजात, पण ठणकावून म्हणाली, "अहो, शब्द दिलाय तुम्ही."

कॅप्टननं कपाळाला हात लावला, आणि कागद-लेखणी मागवली.

खरी लढाई पुढेच होती. कागद वाचून सर ऑर्लंडो लालबुंद झाले. "एका दाईनं माझी सुटका करायची? लोक काय म्हणतील?"

"मालक," थॉमसिन शांतपणे म्हणाली, "तुमची पहिली सुटकाही मीच केली होती. तेव्हाही तुम्ही असेच आडवे आला होतात."

साठ उपाशी शिपाई पोट धरधरून हसले. मालकांनी सगळ्यांकडे डोळे वटारून पाहिलं. मग मिशी थरथरली, आणि त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी सही ठोकली.

तिसऱ्या दिवशी निशाण फडकवत साठही जण बाहेर पडले. वाटेच्या दोन्ही कडांना उभे असलेले शत्रू त्यांच्या हातात भाकऱ्या आणि सफरचंदाच्या दारूचे मग कोंबत होते. एकाला तर तिथं मावसभाऊच भेटला. दोघं शिव्या देत गळ्यात पडले.

सगळ्यांत शेवटी कॅप्टनच्या खेचरावर थॉमसिन होती. पलीकडच्या गावात सुताराच्या बायकोचे दिवस भरले होते, आणि पुढची रांग फारच रेंगाळत चालली होती.

"अरे, उचला की पाय!" ती ओरडली. "मला कामं आहेत."