जाळीच्या पलीकडे

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. लगेच नाकं मुरडू नका! साधंसुधं नाही, टेबल-टेनिसचं टेबल आहे. अंगाला हिरवा रंग, मधोमध जाळी, पायांना चाकं. त्यातलं एक चाक जन्मापासून कुरकुरतं. मला घडवणारा सुतार म्हणाला होता, "चेंडू कुठेही टाका, सारखाच उडणार!" आपली स्तुती आपण करू नये म्हणतात. पण दुसरं कोणी करत नसेल तर माणसाने, म्हणजे टेबलाने, काय करावं?

वस्तीच्या सभागृहात मी आलो तेव्हा काय थाट होता माझा! खेळायला रांगा लागायच्या. पुढे लोकांची हौस फिटली आणि मला दुमडून जिन्याखालच्या खोलीत ढकललं. पुढ्यात मोडक्या खुर्च्या, डोक्यावर रंगाचे डबे. सहा वर्षं उंदरांशिवाय कोणी माझी विचारपूस केली नाही. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

एका शनिवारी दार उघडलं आणि नर्सताई आत शिरली. ती दवाखान्यात काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी, लढाईमुळे घरदार सोडून आलेल्या मुलांना फुकट शिकवायची. मला बघताच कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "सतरा पोरं फरशीवर पालथी पडून लिहितायत, आणि हे इथे आरामात पडलंय!" तिने मला ओढत बाहेर काढलं. चाक असं किंचाळलं की सगळी मुलं खदखदून हसली.

जाळी तिने काढली नाही. अलीकडे बसायचं ते शिकणाऱ्यांनी, पलीकडे शिकवणाऱ्यांनी. शाळेत आपल्या वयाच्या वर्गाचा अभ्यास जमू लागला की पलीकडे जायचं. पण चालत नाही हं! माझ्या पोटाखालून रांगत जायचं, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी माझ्या पाठीवर धपाधप थापा मारायच्या. असा मार मला रोज मिळो!

गणित शिकवायला ड्रायव्हरकाका यायचे. चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. वेळेचे पक्के, मनाचे मऊ, पण एकदा ठरवलं की ठरवलं. बसचा मार्ग जसा बदलत नाही, तसं त्यांचं मत बदलायचं नाही.

त्यांच्यासमोर अकरा वर्षांची एक मुलगी बसायची. कानामागे सतत पेन्सिल, म्हणून सगळे तिला पेन्सिलच म्हणायचे. इथली भाषा तिला जेमतेम यायची. काका भागाकार घालायचे, ती झरझर सोडवायची, आणि काका पानभर लाल फुली मारायचे. तीन शनिवार हेच चाललं. पेन्सिल मान खाली घालून वही मिटायची. चौथ्या शनिवारी तर तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकन माझ्यावर पडलं.

आणि कोणाला कुठल्या इयत्तेत बसवायचं, याचा अहवाल नेमका त्याच दिवशी शाळेला पाठवायचा होता. काकांनी लिहिलं, 'भागाकार येत नाही. दोन इयत्ता खाली बसवावे.'

पेन्सिलची आई धुलाईच्या दुकानातून तिला न्यायला आली होती. अहवालात काय आहे ते नर्सताईने सांगताच ती मटकन खाली बसली. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "खाली नको हो, ताई. घर गेलं, गाव गेलं. पोरगी वर्गात पहिली यायची, तेवढंच सोबत आणलंय."

"काका, उत्तरं तपासलीत का?" नर्सताईने विचारलं.

"उत्तरं काय तपासायची? रीतच उलटी! भाजक उजवीकडे, उत्तर त्याच्या खाली, आणि वजाबाक्या गायब! याला काय भागाकार म्हणायचा?"

पेन्सिलला सगळे शब्द कळले नसतील, पण काय चाललंय ते कळलं. तिने कानामागची पेन्सिल काढली आणि वही बाजूला सारून थेट माझ्या अंगावर लिहायला लागली. फुली मारलेलं गणित होतं ७७२८ भागिले २३. तिचं उत्तर होतं ३३६. तिने ३३६ ला २३ ने गुणलं. एकेक आकडा ठसठशीत. खाली आलं ७७२८. मग तिने काकांकडे पाहिलं. गुणाकाराची रीत तिकडची आणि इथली एकच होती!

काकांनी चष्मा पुसला. स्वतः गुणून पाहिलं. मग वहीतली मागची पानं काढली आणि एकेक गणित तपासत बसले. सगळी उत्तरं बरोबर. एकही चूक नाही!

"अरेच्चा," ते हळूच म्हणाले, "म्हणजे वजाबाक्या ही मनातल्या मनात करते! मी गाढव, आणि फुल्या हिला." त्यांनी अहवाल टराटरा फाडला आणि आपली खुर्ची उचलून अलीकडे, पेन्सिलशेजारी ठेवली. "शिकव बाई मला तुझी रीत. मी तुला इथली शिकवतो."

आठवडाभर रोज संध्याकाळी दोघं माझ्यावर वाकलेले. काका चुकले की पेन्सिल गंभीर चेहऱ्याने लाल फुली मारायची. पहिल्या दिवशी अकरा फुल्या! काका म्हणायचे, "करावं तसं भरावं."

नर्सताईने झालेला घोळ शाळेला कळवला होता, म्हणून पुढच्या शनिवारी शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः परीक्षा घ्यायला आल्या. पाच भागाकार, अर्धा तास. पेन्सिलची आई दाराशी ओढणीचं टोक मुठीत धरून उभी. माझा एक पाय जरा डुगडुगतो, पण त्या दिवशी मी श्वास रोखून उभा होतो. वीस मिनिटांत पेन्सिलने कागद पुढे केला. प्रत्येक गणित दोनदा सोडवलेलं, डावीकडे इथल्या रीतीने, उजवीकडे तिच्या!

बाईंनी कागद दोनदा वाचला. "हिला खाली कोण बसवणार होतं?"

"मी," ड्रायव्हरकाका उभे राहून म्हणाले.

"बरं झालं, नाही बसवलंत. सोमवारी ही आपल्या वयाच्याच वर्गात बसेल."

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! पेन्सिल माझ्या पोटाखालून सुळकन पलीकडे गेली. तिची आई रडत रडत माझ्यावर थापा मारत होती. धुण्याची सवय असलेले हात ते, चांगलेच लागले! थापा थांबतात न थांबतात तोच पलीकडून पेन्सिल ओरडली, "काका! तुम्ही पण या! तुम्हाला पण येतं आता!"

सदुसष्ट वर्षांचे गुडघे कुरकुरले, माझ्या चाकासारखे. पण काका रांगले. मध्येच अडकले, तेव्हा पेन्सिलने हाताला धरून ओढून घेतलं. अख्खं सभागृह माझ्यावर धडाडत होतं. मित्रांनो, कुठल्याही सामन्यात मी असा गाजलो नव्हतो!

आज माझा रंग उडालाय, पण तो गुणाकार अजून अंगावर आहे. काका रोज मला पुसतात, तेवढा कोपरा सोडून. तुमच्याही घरात, वर्गात कोणीतरी कोपऱ्यात पडलं असेल. त्याला बाहेर ओढा, चाकाला थोडं तेल घाला. आणि कोणावरही लाल फुली मारायच्या आधी, मित्रांनो, एकदा गुणून बघा.