वाघाचा निरोप

दिव्यानी मूळची घुग्घुसची. सरकारची नवी यंत्रं कुणापर्यंत पोहोचतात आणि कोण सुटून जातं, हा तिच्या पीएचडीचा विषय. त्यासाठी ती चामोर्शीकडच्या एका जंगलकाठच्या गावात राहिली होती. तिथे झाडांवर कॅमेरे होते. वाघ दिसला की गावातल्या मोबाईलवर मेसेज जायचा. कागदावर सगळं गाव सुरक्षित होतं.

एका पहाटे ती गावातल्या मीराबाई आणि इतर बायकांबरोबर मोहफुलं वेचायला गेली. फुलं टपटप पडत होती. वास इतका गोड, इतका दाट, की डोळे आपोआप मिटत. जाळलेल्या पाल्याचा धूर जमिनीलगत रेंगाळत होता. बायका वाकल्या की त्यात बुडायच्या, उठल्या की पुन्हा दिसायच्या.

एकाएकी सगळ्या थबकल्या. मीराबाईंनी तिचं मनगट धरलं. पन्नासेक पावलांवरून वाघ चालला होता, कुणाकडेही न बघता, धुरातून धुरात. दिव्यानीला ते झोपेत दिसल्यासारखं वाटलं. भीती वाटली ती परतीच्या वाटेवर.

वेशीवर आल्यावर तिचा मोबाईल वाजला. ‘वाघ जवळ आहे. जंगलात जाऊ नका.’ मेसेज दोन तासांपूर्वीचा होता.

"बाई, तुमाले आला का हा मेसेज?"

मीराबाई हसल्या. "मोबाईल मालकापाशी रायते पोरी, अन् ते झोपून हायेत. मोहाखाली टावर कुठी हाय?"

"कॅमेरे बसवताना इचारलं नाई कोणी?"

"बायाईले कोण इचारते?"

दिव्यानी ओशाळली. तिच्याही पाहणीच्या फॉर्मवर एवढंच होतं: घरात मोबाईल आहे का? तो कुणाच्या हातात असतो, हे तिनेही विचारलं नव्हतं. तिने भरलेले फॉर्म बाजूला ठेवले आणि पंधरा दिवस झाडाखाली बसून चाळीस बायकांना नव्याने विचारलं.

कॅमेऱ्यांबद्दलच्या वनखात्याच्या बैठकीला ती मीराबाईंना घेऊन गेली.

"चाळीसच बायका?" एक अधिकारी म्हणाले. "आकडा फार लहान आहे."

मीराबाई पदर सावरत उभ्या राहिल्या. "साहेब, वाघ का आकडा मोजून येते?"

कुणीतरी हसलं. अधिकाऱ्यांनी मात्र फॉर्म पुढे ओढून वाचायला घेतले.

पुढच्या मोसमात जंगलाच्या कडेला वाघ दिसला की वाजणारे दोन भोंगे लागले, बायकांनी दाखवलेल्या जागी. नाल्यापलीकडचा तिसरा मंजूर झाला नाही. तिकडे बायका अजून एकमेकींना हाका मारत वेचतात. दिव्यानीने प्रबंधात तेही लिहिलं.