खुंटाची फूट

"हे कुठून तोडून आणलंस?"

नर्सरीवाल्या काकांनी काडी उजेडाकडे धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे बारीक करून ती बोटांत फिरवली.

"कुठून म्हणजे? आप्पांच्या गुलाबाची आहे. गच्चीवरच्या."

"हं."

हे 'हं' त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीचं होतं. त्याचे वडील, आप्पा, एखादं मरतुकडं रोप घेऊन इथे यायचे, तेव्हाही काका आधी हेच म्हणायचे आणि मग दोघं चहाच्या कपावर त्या रोपाचं मरण किंवा जगणं ठरवत बसायचे. आप्पा गेले, त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. काकांची पाठ वाकली होती, पण 'हं' अजून ताठ होतं.

तो रात्रपाळी करून आला होता. रुग्णालयाच्या तळघरात, धुलाई विभागात, चादरींच्या ढिगाऱ्यात त्याची तीस वर्षं गेली होती. रक्ताचा डाग गरम पाण्याने बसतो आणि थंड पाण्याने सुटतो, एवढं एक ज्ञान या नोकरीने त्याला दिलं होतं. बाकी दिला होता तो बोटांच्या पेरांत मुरलेला ब्लीचचा वास आणि कशानेही न फिटणारी झोप. आजही घरी जाऊन आडवं व्हायच्या ऐवजी तो गच्चीवर चढला, चांगली जोमदार काडी निवडून कापली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून इथे आला.

"पोरगी निघालीय काका. पहिली नोकरी. लांब आहे, अख्ख्या दिवसाचा प्रवास. म्हणते, माझ्या गुलाबाचं एक कलम बरोबर द्या, बाकी काही नको. आता मला कुठला डोळा भरता येतोय? आप्पा असते तर…"

"आप्पा असते तर त्यांनी ही काडी तुझ्या पाठीवर मोडली असती."

तो हसला. काका हसले नाहीत.

"पोरा, पानं मोज. एका देठावर किती?"

पन्नाशीच्या माणसाला 'पोरा' म्हणणारं जगात आता हे एवढं एकच तोंड उरलं होतं. त्याने निमूटपणे मोजली. "सात."

"आणि आप्पांच्या त्या गुलाबाला किती असायची?"

त्याला आठवेना. फुलाचा रंग आठवत होता. पिकल्या जर्दाळूचा, कडांना किंचित लालसर होत जाणारा. कळीखाली दोन बोटं धरून ती नातीला दाखवणारा आप्पांचा हात आठवत होता. पानं मात्र कधी कुणी पाहिली होती?

"पाच," काका म्हणाले. "ही रानफूट आहे. खुंटाची. डोळा मेला आणि खालचा खुंट वर आला."

कलम म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. रानगुलाबाचं चिवट मूळ घ्यायचं, तो खुंट. त्याच्या सालीला चीर द्यायची. तीत हव्या त्या गुलाबाचा इवलासा डोळा बसवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचं. डोळा धरला की वर सारं त्याचं, खाली सारं खुंटाचं. मात्र खुंटाची स्वतःची हौस कधी मरत नाही. तो जन्मभर बुंध्यातून आपले फुटवे वर काढत राहतो, आणि माळी जन्मभर ते मोडत राहतो. हे सगळं त्याने आप्पांच्या तोंडून ऐकलं होतं. घरात सतत चालू असलेला रेडिओ ऐकावा तसं.

"वरची जुनी फांदी कुठंय? जाडसर, खरबरीत सालीची?"

"ती वाळत चालली होती." त्याचा आवाज खाली गेला. "मागच्या छाटणीला कापली मी."

"आणि ही जोरात होती."

"हो."

"म्हणून ही ठेवलीस."

दमलेला माणूस जगणाऱ्याच्या बाजूने कौल देतो. त्याने तो दिला होता. रोज सकाळी घरी आल्यावर बूटही न काढता तो गुलाबाच्या डब्यात पाणी घाली, आणि हिरव्यागार, लवलवत्या फांद्या पाहून त्याला वाटे, आयुष्यात बाकी काही धड जमलं नाही, पण एवढं जमलं. मुलीला हाक मारून तो म्हणायचाही, "बघ, आप्पांच्या गुलाबाला कसला तजेला आलाय! फूल काय, आज ना उद्या येईल." ज्याला आप्पा आयुष्यभर मोडत आले, त्याला त्याने दोन वर्षं हाताने भरवलं होतं.

काका उठले आणि मागच्या रांगेतून एक पिशवीतलं रोप घेऊन आले. टोकाला एक कळी होती, जर्दाळूच्या रंगाची.

"हे दे पोरीला. रंग जवळजवळ तोच आहे. कोण पाहायला येतंय? मी काही बोलणार नाही, आणि आप्पा तर मुळीच बोलायचे नाहीत."

"आणि घरचं?"

"बुंध्याशी छाट. मूळ दणकट आहे, थंडीत मी येऊन नवा डोळा भरीन. नुसतं शेंडे खुडत बसू नकोस. रानगुलाबाला जुन्या लाकडावर फूल येतं, तू दरवर्षी तेच कापतोस. म्हणजे ना आप्पांचं फूल, ना त्याचं."

घरी पोचला तेव्हा मुलीच्या दोन बॅगा खोलीभर पसरल्या होत्या आणि बायको त्या बॅगांशी भांडत होती.

"तीन महिन्यांनी येणार आहेस म्हणे, मग हा एवढा पसारा कशाला? आणि हा स्वेटर? तिथे काय बर्फ पडतो?"

"आई, तूच टाकलायस तो."

"मग राहू दे."

मुलीने त्याच्या हातातली पिशवी पाहिली आणि बॅग तशीच टाकून उठली. "कलम झालंसुद्धा? इतक्यात?"

त्याने पिशवी नुसतीच पुढे केली. तिने रोप दोन्ही हातांत घेतलं. कळीला नाक लावलं.

आप्पा बसवर कंडक्टर होते. घरात काही घडलं की त्यांच्या तिकिटांच्या पिशवीतून, ओल्या रुमालात गुंडाळलेली एखादी काडी घरी येई. त्याला नोकरी लागली तेव्हा एक आली, लग्नात एक. त्या दोन्ही यथावकाश मेल्या. मुलगी जन्मली त्या दिवशी आप्पा शेवटच्या थांब्यावर होते. निरोप मिळाल्यावर त्यांनी समोरच्या बंगल्यातल्या बाईंकडे काडी मागितली. बाईंनी हाकलून दिलं. बस निघायला अवकाश होता, म्हणून आप्पांनी पुन्हा फाटक वाजवलं आणि म्हणाले, "बाई, मला काल नात नव्हती हो." त्या काडीचा डोळा आप्पांनी रंगाच्या रिकाम्या डब्यातल्या खुंटावर भरला, तो वाढला, आणि मुलीचा गुलाब झाला. वाळत घातलेले कपडे त्याच्या काट्यांत अडकून फाटायचे. बायको म्हणायची, "तुमच्या नातीचं झाड माझ्या साड्या खातंय." आप्पा म्हणायचे, "साहेबांना भूक लागली असेल." नातीला ते साहेबच म्हणत.

"मी तिथे सगळ्यांना सांगणार," मुलगी आता म्हणत होती. "हे झाड माझ्याच वयाचं आहे म्हणून. आप्पांनी बाईंना काय सांगितलं ते पण."

इथवर तो गप्प राहू शकला होता. पलंगाच्या कडेवर बसून, बुटांच्या नाड्या सोडायचं विसरून, तो ऐकत होता. पण ती जे घेऊन निघाली होती ते आता नुसतं रोप राहिलं नव्हतं, ती गोष्टही बरोबर निघाली होती. आणि ती परक्या गावात, परक्या माणसांसमोर, एका खोट्या झाडापाशी उभी राहून सांगितली जाणार होती.

"ते आप्पांचं नाहीये," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. सात पानं, खुंट, मागच्या वर्षीची छाटणी. सांगताना त्याला वाटलं होतं की ती रडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या बाबा. तिने रोप खाली ठेवलं.

"मग सांगितलंत कशाला?"

"तुला खोटं…"

"मला काय फरक पडला असता? मी ते आप्पांचं म्हणून जपलं असतं. आता तुम्हाला हलकं वाटलं असेल. मला नाही वाटत."

"अगं, बापाशी बोलतेयस तू," बायको म्हणाली. पण तिचाही आवाज अर्ध्यातच बसला.

"दुकानातलं रोप मला तिथेही मिळेल," मुलगी म्हणाली आणि पुन्हा बॅग भरायला लागली. स्वेटर तिने सगळ्यांत तळाशी दाबला.

तो उठून गच्चीवर गेला. डब्याशी उकिडवं बसून त्याने बुंध्यावरची माती बोटांनी बाजूला केली. कापलेल्या जुन्या फांदीचं थोटूक तिथे होतं, अंगठ्याएवढं. त्याने नखाने साल खरवडली. आत तपकिरी. अजून खाली खरवडली. तिथेही तपकिरी, कोरडं, भुसभुशीत, कुठेही हिरव्याची रेघ नाही. आप्पांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्या हाताला सुई लावायला डॉक्टर शीर शोधत होते, तेव्हा तो असाच वाकून बघत होता. खरवडायला आणखी काही उरलं नाही तेव्हा त्याने माती परत सारखी केली.

मुलगी निघाली त्या सकाळी दोघंही बसस्थानकावर गेली. रोप घरातच कट्ट्यावर राहिलं. बस सुटायच्या वेळी मुलीने खिडकीची काच सरकवली. आईला चार सूचना दिल्या, गोळ्या वेळेवर घे, गॅसची नळी बदलून घे. मग त्याच्याकडे न बघता, पुढच्या सीटच्या पाठीशी बोलल्यासारखं म्हणाली,

"त्या पिशवीतल्याला रोज पाणी घालू नका. सडेल."

"नाही घालणार."

"आणि जेवत जा वेळेवर. दोघंही."

बस वळली तेव्हा बायकोने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "चला, तुमची पाळी आहे आज." एवढ्यावर ती सकाळ मिटली.

थंडी आली. काकांनी दोनदा निरोप पाठवला, खुंट छाटून ठेव, डोळा भरायला येतो. तो प्रत्येक वेळी म्हणाला, या आठवड्यात करतो. करवत काढून त्याने गच्चीच्या कठड्यावर ठेवलीही. रोज सकाळी वाटे, आज अंगात त्राण नाही, उद्या. कधी वाटे, त्राण असतं तरी आपण हे केलं असतं का, कोण जाणे. त्याने शेंडेही खुडले नाहीत. लांबच लांब फांद्या कठड्यावरून बाहेर झुकल्या, वाळत घालायच्या दोऱ्यांवर टेकल्या, आणि बायकोने त्यांना वाट देत चादरी पलीकडच्या दोरीवर हलवल्या. दुकानातल्या रोपाला मधेच एक फूल आलं. जर्दाळूच्याच रंगाचं. तो जरा वेळ त्याच्यापाशी उभा राहिला. रंग तोच होता, तेवढंच.

थंडी सरताना एका सकाळी तो पाळीवरून आला. त्या रात्री वाफेचं यंत्र बंद पडलं होतं, आणि ओल्या चादरींचे पिळे उचलून उचलून त्याचे दंड बधिर झाले होते. पाण्याची बादली घेऊन तो गच्चीवर चढला आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबला.

फांद्यांवर पांढरं काही सांडलं होतं. आधी त्याला वाटलं, दोरीवरचं धुणं आहे. मग दिसलं, फुलं. घोसच्या घोस, रुपयापेक्षा मोठी नसलेली, एकेक साध्या पाच पाकळ्यांची, मधे पिवळा पराग. ती मिटायचं शिकलेलीच नसावीत इतकी सताड उघडी. त्याने वाकून वास घेतला. ब्लीचच्या वासाखालून, अगदी लांबून आल्यासारखा, काहीतरी गोडसर दरवळ आला आणि लगेच हरवला.

हे मूळ कालव्याच्या काठावरून खणून आणलं होतं आप्पांनी. मुलीच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी, सायकलवर तो मागे बसला होता, मांडीवर ओलं पोतं. आप्पा पायडल मारताना म्हणत होते, "चिवट बघून घेतलंय रे. शंभर वर्षं मरायचं नाही." त्यांनी ते निवडलं, आणलं, आणि नंतर मोडत राहिले. आपण निवडलेल्याचं फूल कसं असतं, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं.

"अहो, चहा गार होतोय!" बायको वर आली आणि तीही थबकली. "अगंबाई. हे कोणाचं?"

"खुंटाचं."

"आप्पांनी बघितलं होतं कधी?"

"नाही."

तिने ओला हात पदराला पुसला. "फोटो काढून पाठवा तिला."

"काय सांगू?"

"काही सांगू नका. नुसता पाठवा." मग त्याच्याकडे नीट बघत ती म्हणाली, "आणि झोपा आता. उभ्याउभ्या डुलताय."

त्याने फोटो काढला. हात हलल्यामुळे तो थोडा पुसट आला. दुसरा काढायचं बळ नव्हतं, तोच पाठवला. मग घटकाभर बसावं म्हणून तो तिथल्याच खुर्चीत टेकला, आणि बूट पायात तसेच असताना, हनुवटी छातीवर टेकून, त्याला झोप लागली.

ऊन चढलं. रानफुलं ती, दुपारपर्यंत टिकणारी नव्हती. वारा असो नसो, पाकळ्या सुटू लागल्या. फरशीवर, डब्याच्या काठावर, त्याच्या बुटांवर. केरसुणी घेऊन बायको वर आली. कोपऱ्यातली धूळ तिने काढली, कठड्याखालचा पाला काढला, दोऱ्यांखालची जागा झाडली. खुर्चीपाशी आल्यावर ती थांबली. मग त्या डब्याभोवतीचा तेवढा पांढरा भाग तसाच सोडून, ती वळसा घालून पलीकडून झाडत गेली.