कुसुमावतींची चाचणी

चाचणी चालू असताना नातेवाईक खोलीत बसलेले मला खपत नाहीत. त्यातून नवरे तर मुळीच नाहीत. बायकोला शिंक आली तर तिच्या वतीने तेच शिंकतील! पण कऱ्हाड सोडून म्हैसूरला आले, तेव्हापासून एका बाबतीत मी हात टेकले आहेत. इथल्या जुन्या मराठी घरांतल्या वयस्कर बायका नवऱ्याला बाहेर बसवून परक्यापुढे तोंड उघडत नाहीत. म्हणून बोगादीहून आलेल्या कुसुमावतींच्या शेजारी खंडोजीरावांना मी खुर्ची दिली. कपाळाला आठ्या घालून दिली, पण दिली.

माणसाला काय आठवतं आणि काय निसटतंय हे तपासून डॉक्टरांना लिहून देणं, हे माझं काम. खंडोजीराव गणिताचे निवृत्त मास्तर. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बोलायला सुरुवात त्यांनीच केली.

"हिच्या ध्यानात काय राहत नाही हल्ली, मॅडम. सारात मीठ दोनदा घालते. मी सांभाळून घेतो. एन माडोदु, काय करायचं?"

"विसरते मी," कुसुमावती खाली बघत म्हणाल्या.

मी वार विचारला. त्यांनी नवऱ्याकडे मान वळवली. "मंगळवार?"

गुरुवार होता. "सरी, बरोबर, मंगळवार," खंडोजीराव म्हणाले.

"घरात कोण कोण असतं, काकू?"

पुन्हा मान वळली. "आम्ही दोघं, मुलगा रविकिरण, सून सुमा, नात पूजिता. आणि ह्यांची अक्का."

"अक्का आहे की," खंडोजीरावांनी दुजोरा दिला.

उत्तरासाठी जोडीदाराकडे मान वळवणं ही स्मृती ढासळत असल्याची एक खूण असते. पहिल्या दहा मिनिटांत खूण सापडली म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि कागदावर नोंद केली. नवरा चुकीच्या वारालाही होकार देत होता, त्याचं मला नवल वाटलं नाही. बायकोच्या चुका मायेने झाकणारे नवरे मी पुष्कळ पाहिले आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची!

मग मी पाच शब्द दिले आणि मध्ये थोडी वजाबाकी करून घेऊन ते परत विचारले. कुसुमावतींना एकही आला नाही. इथे मात्र मी अडखळले. विसरलेलं माणूस शब्द शोधतं. छताकडे बघतं, बोटं चोळतं, आपल्यावरच चिडतं. या बाईंनी शोधण्याचा प्रयत्नच केला नाही. त्या फक्त नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"काका, काकू दमल्यात. तुम्ही जरा कॉफी घेऊन या," मी म्हटलं.

दार लागलं तशा कुसुमावती ताठ बसल्या.

"दिवा, नारळ, पूल, सुई, घोंगडी. आज गुरुवार. अक्का जाऊन वर्ष होत आलं. माझं काय बिघडलं नाही, मॅडम. ह्यांचं बिघडलंय."

माझं डोकंच फिरलं. "मग हे नाटक कशाला, काकू? इथे काय खेळ चाललाय?"

"रागावू नका. लग्न होऊन आले तेव्हापासून माझं एक वाक्य ह्यांनी न दुरुस्त करता सोडलं नाही. आता काय पण बोललं तरी सरी म्हणतात. मग मी मुद्दाम चुकीचं बोलून बघाया लागले. रवीला सांगितलं, तर म्हणतो अप्पांचं वय झालं, अष्टे, तेवढंच. आणि ह्यांना तोंडावर सांगायची छाती कुणाची? डॉक्टरकडे चला म्हटलं असतं तर मलाच वेडी म्हणाले असते. म्हणून मीच पेशंट झाले."

"पण एवढी घाई कसली?"

"पुट्टीची, आमच्या पूजिताची." त्यांचा आवाज खाली आला. "तिला शाळेला स्कूटरवर हेच नेतात. परवा शाळेतून फोन आला, पोर आली नाही. सापडले कुठे, तर पिरियापट्टणच्या रस्त्याला. बेट्टदपुरच्या शाळेत शिकवायचे पूर्वी, तिकडे निघाले होते. पोर मागे बसून रडत होती. घरी येऊन सांगितलं, फिरवून आणलं. रवीला ते खरं वाटलं."

मला लाज वाटली. विसरणारं माणूस समोरच होतं, पण मी ते चुकीचं धरलं होतं. ही बाई उत्तर मागायला वळत नव्हती. उत्तर नवऱ्याला तरी येतंय का, हे बघायला वळत होती.

"माझ्याच नावाने लिहून द्या," त्या म्हणाल्या. "बायकोला एकटी ठेवायची नाही म्हटलं की बसतील घरी."

"खोटं मी लिहिणार नाही. आणि त्यांच्याविषयीचं त्यांना कळायला हवं."

"मग तुम्ही सांगा. माझ्याने होत नाही."

खंडोजीराव कॉफी पिऊन आले. "काका, आता तुमचीही चाचणी घ्यायची आहे. चालेल?" मी विचारलं.

"माझी? घ्या की!" ते हसले. "उत्तर कसं द्यायचं ते हिला तरी कळेल."

वार विचारल्यावर म्हणाले, "रिटायर माणसाला सगळे रविवारच." मी दुसरे पाच शब्द दिले. वजाबाकी त्यांनी झरझर केली, मास्तरच ते. मग मी शब्द विचारले.

"चमचा," ते म्हणाले. कपाळ पुसलं, पेन काढून परत खिशाला लावलं. आणि मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

ज्या बाईने त्यांचं विसरणं उघडं पडावं म्हणून एवढा घाट घातला होता, तिचेच ओठ हलले. "विहीर."

"विहीर!" खंडोजीराव खुलले.

"टोपी..."

"काकू!" मी ओरडले. कुसुमावतींनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडायला लागल्या.

मी कागद बाजूला सारले. एरवी अशी गोष्ट मी आडून आडून सांगते. पण या माणसाने जन्मभर मुलांना बरोबर-चूक तोंडावर सांगितलं होतं.

"काका, तुमची स्मृती कमी झाली आहे. कशामुळे, ते डॉक्टर तपासून सांगतील. काही कारणं औषधाने सुधारतातही. पण तोवर स्कूटर चालवायची नाही. नातीला घेऊन तर नाहीच."

"पेशंट ही आहे!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "माझं काय काढताय? सांग ग यांना."

कुसुमावतींनी डोळे पुसले.

"मॅडम खरं सांगतात."

"हौदा? खरं?"

"खरं. पुट्टी त्या दिवशी घाबरून रडत होती. तुम्हाला रस्ता कळत नव्हता."

खंडोजीरावांनी टेबलावरचा हात मागे घेतला. मला वाटलं आता उठतील, ओरडतील. मी तयारीत होते. पण त्यांचा आवाज अगदी लहान झाला.

"मग पोरीला शाळेत कोण नेणार?"

"मी नेईन, चालत," कुसुमावती म्हणाल्या. "तुम्ही पण चला. रस्ता आला की दोघांनी माझा हात धरायचा."