सरोची वाटी

या, असे पुढे येऊन बसा. भिंतीला टेकून अर्ध्या कानानं ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. भर मजलिशीत एका बाईला राग आला, त्या रागाची गोष्ट सांगतो.

इराणातल्या यज्दकडच्या वाळवंटातलं गाव. डोंगरातून जमिनीखालून आलेला पाट गावात उघड्यावर येतो. तिथं पाटकरी रजबअली हौदात तांब्याची वाटी सोडून बसतो. वाटीच्या बुडाला बारीक भोक. ती भरून बुडाली की एकाची पाळी संपली. दर बारा दिवसांनी एक वाटी पाणी बागेतल्या सरोच्या झाडाचं. बीबी शरीफानं मरताना आपल्या हिश्शातली एक वाटी त्याच्या नावे वाहून ठेवली होती. त्याला मागायला तोंड नाही म्हणून.

तूबाखाला त्याच बीबीच्या वंशातली. सरोची चारी उपसायचं काम तिचं. यंदा तिनं तीन पाळ्यांना चारी उपसली आणि तिन्ही वेळा ती कोरडीच राहिली. बर्फातही हिरवं राहणारं ते सडपातळ, सरळसोट झाड शेंड्याकडून तांबडं पडत चाललं होतं.

"रजबअली, सरोची वाटी कुठं जाते रे?"

"हाजींच्या पिस्त्यांना. म्हणाले, म्हातारं झाड, फळ ना फूल."

"म्हातारे तर हाजीपण झालेत. त्यांचं पाणी तोडायचं का?"

हाजी नेमतुल्ला पाटाच्या पंचांचे मुख्य. तूबा दोनदा त्यांच्या दारात गेली.

"खाला, मोहरम जाऊ दे, मग निवांत बसून बोलू," हाजी म्हणाले.

"तोवर त्याचं सरपण होईल."

मोहरमची नववी तारीख, दुपार. करबलेच्या शोकाची मजलीस हाजींच्याच अंगणात. सय्यद मीर करीम उंच आसनावर बसून करबलेची कथा गात होते. काय तो गळा. ऐकताना माणसाचं काळीज आपोआप सैल व्हावं. शत्रूनं पाणी अडवलेलं, छावणीतल्या तहानलेल्या लेकरांसाठी इमामांचा भाऊ अब्बास नदीवर पोचला. त्यानं ओंजळ भरली, ओठांपर्यंत नेली, लेकरं आठवली आणि पाणी सोडून दिलं. पुरुष हमसून रडू लागले. हाजी कपाळ बडवत होते.

पडद्याआड बायकांत शरबताच्या पातेल्याशी तूबा डाव घेऊन उभी होती. तिला रडू आलं नाही. तिनं पातेल्यावर धाडकन झाकण टाकलं आणि पडदा सारून ती पुरुषांत आली.

"सय्यद, माफ करा. आज माझ्या हातचं शरबत कुणाला मिळणार नाही. हाजी, कुणासाठी रडताय? पाणी अडवणारे काय कुठून लांबून यावे लागतात? सरोची वाटी तुम्हीच पिस्त्यांना वळवलीत."

"बाई, मजलीस चाललीय. झाडाचं काय काढलंस?" हाजी म्हणाले.

"मजलीस आहे म्हणूनच काढलं. एरवी तुम्ही ऐकता कुठं?"

कुणीतरी हसू दाबून खोकलं. सय्यद अंगरखा सावरून आसनावरून खाली उतरले.

"सय्यद, कथा?" हाजींनी विचारलं.

"अब्बास नदीकाठी उभा आहे. पाण्याची कातडी मश्क भरलेली आहे. सरोची वाटी बुडेपर्यंत तो तिथंच उभा राहील."

नववीची कथा अर्धी टाकून घरी जाणारा त्या गावात कुणी जन्मला नव्हता. सगळे बसून राहिले. आता कुणाचेच डोळे ओले नव्हते, आणि सगळे हाजींकडे लागलेले.

हाजी उठले. जोडे ढिगात सापडेनात, तसेच अनवाणी गेले आणि सरोच्या चारीच्या तोंडची माती हातांनी ओढून काढली. रजबअलीनं वाटी सोडली. अख्खी मजलीस हौदाभोवती उभी राहून ती बुडताना बघत होती.

वाळकी पानं पुढं ढकलत पाणी मुळाशी आलं. हाजी रुमाल शोधू लागले.

"हात पुसू नका," तूबा म्हणाली. "याच हातांनी पुढचं ऐका."

सय्यद परत आसनावर चढले. तूबानं झाकण काढलं, पण शरबत वाढताना ती हाजींशी एक शब्द बोलली नाही.

सरो जगला. शेंडा मात्र पुन्हा हिरवा झाला नाही. तो तांबडा हातभर तुकडा आजही बाजारातून दिसतो. आता तुम्ही घरी जाल, गार पाण्याचा पेला तोंडाला लावाल. पहिला घोट घेण्याआधी बीबी शरीफाची आठवण काढा.