बघत बसण्याचं काम

हेमांगीच्या आईला जावई हवा होता, पण बघत बसणारा नको होता.

"तू करतोस काय नक्की?" तिच्या आईनं, म्हणजे दमयंतीमावशींनी, पहिल्याच भेटीत विचारलं.

मी सांगितलं. तारापूर एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत सरकत्या पट्ट्यापाशी बसतो. समोरून गोळ्यांची पाकिटं जातात, खराब दिसलं की उचलून बाजूला काढतो. चांगलं पुढे जातं, तिथं हेमांगी ते खोक्यात भरते. आमचं जमलं ते असंच. दोन वर्षं मी पास केलेलं सगळं तिच्याकडेच जातंय.

"हेमांगीचे हात चालतात," मावशी म्हणाल्या. "तू नुसता बघतोस. बघत तर आमच्या दारातला बोका पण बसतो, माझ्या टोपलीकडं. त्याला कोण पोरगी देणार?"

मावशी तीस वर्षं सातपाटीचा मासा विकतायत. त्यांच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. म्हणून मी त्यांना आणि हेमांगीला रविवारी जेवायला नेलं. होकार घेऊनच परतणार होतो. शर्टसुद्धा इस्त्रीचा घातला होता.

बोईसरला निमेशनं जपानी हॉटेल काढलंय. निमेश माझा माहीमचा शाळासोबती, आधी बिस्किटांच्या कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला तेव्हा यानं तिथला पट्टा आणला, गोल वळवला आणि त्यावर सुशी सोडली, म्हणजे भाताच्या मुटक्या आणि वर मासा. पट्ट्यावरची जुनी पाटी तशीच आहे : 'चालू पट्ट्यात हात घालू नये.' खाली निमेशनं नवी लावलीय : 'घालावा.' आणि त्याखाली : 'उचललेली बशी परत ठेवू नये. खावी.'

आम्ही बसलो. मी, माझ्या उजवीकडे हेमांगी, तिच्या पलीकडे मावशी. पट्टा डावीकडून येत होता.

"हा तर कच्चा हाय," मावशी म्हणाल्या.

"जपानात असाच खातात, मावशी," निमेश म्हणाला.

"मंग इतक्या लांब कशाला आणलंत? माझ्या टोपलीत पण कच्चाच असतो."

मी विषय बदलला. आमच्या घराच्या वरच्या मजल्याबद्दल, लग्नानंतर आम्ही राहणार त्याबद्दल, सांगू लागलो. बोलता बोलता एका मुटकीला चीर दिसली. ती बशी बाजूला काढली. पुढचीचा भात ढासळला होता. तीही काढली. मजल्याला गॅलरी आहे, हे सांगताना आणखी चार काढल्या. हेमांगी मी सोडलेल्या बशा उतरवून आपल्यापुढे एका रेषेत मांडत होती.

"ज्ञानेश," ती हळूच म्हणाली, "आज सुट्टी आहे."

तोवर माझ्यापुढे सतरा बशा झाल्या होत्या. निमेश आला.

"भूक लागलीय वाटतं?"

"रिजेक्ट आहेत."

"पाटी वाच."

मी पाटी वाचली. पाटीत चूक नव्हती.

मावशींनी मात्र माझ्यापुढची एक बशी ओढली. मासा उचलला, बोटानं दाबला, वास घेतला. दुसरी ओढली. मग तिसरी. सतराव्या बशीपर्यंत निमेशचा चेहरा माशासारखा झाला होता.

"शिळा. सगळाच शिळा," मावशी म्हणाल्या. "शिळा मासा पाणी सोडतो, भात फुटणारच." मग त्यांनी हेमांगीसमोरच्या, मी सोडलेल्या बशा तपासल्या. "हा ताजा. हा पण ताजा. तुला मासा कळतो काय रे?"

"नाही मावशी. मला फक्त बिघडलेलं दिसतं."

"कालचा थोडा उरला होता," निमेश पुटपुटला आणि त्यानं सतराच्या सतरा बशा मुकाट्यानं कचऱ्यात रिकाम्या केल्या.

तेवढ्यात पट्टा थांबला.

हॉटेलात पस्तीसेक माणसं होती, सगळी एमआयडीसीतली. सगळी एकदम उठली आणि बाहेर चहाच्या टपरीवर गेली. मीही गेलो. हेमांगीही आली.

"जेवण टाकून कुठं चाललात?" मावशी मागून येत विचारू लागल्या.

"पट्टा थांबला ना, आई," हेमांगी म्हणाली. "चहा."

निमेशही बाहेर येऊन चहा पीत उभा राहिला. अर्धा ग्लास संपल्यावर त्याला आठवलं की दुरुस्ती त्यालाच करायचीय.

दहा मिनिटांनी आतून घरघर ऐकू आली. कोणी हाक मारली नाही. पस्तीस ग्लास खाली ठेवले गेले, पस्तीस माणसं आपापल्या खुर्चीत जाऊन बसली आणि पट्ट्याकडे बघू लागली. मी बसता बसता एक बशी काढलीसुद्धा.

मावशी दारातच उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. मग येऊन माझ्या डावीकडे बसल्या, जिथून पट्टा येतो तिथं.

"बोका असा घरघर ऐकून जागेवर परत येत नाय," त्या म्हणाल्या. "काम हाय तर हे."

मी नम्रपणे मान हलवली. मला आधीपासून माहीत होतं.

"निमेश, उद्यापासून मासा माझ्याकडनं घ्यायचा. आणि तू रे, पुढच्या रविवारी घरच्यांना घेऊन सातपाटीला ये. बघायला नाय, ठरवायला. जेवूनच जायचं." त्यांनी माझ्या हातातली बशी काढून घेतली. "फक्त माझ्या घरी ताट समोर आलं की खायचं. बाजूला काढायचं नाय."